मखमलीतला खड्डा

आईच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या तळाशी, एक लाल मखमली खोका आहे. ताईचं लग्न २००८च्या मे महिन्यात झालं. त्याची डीव्हीडी या खोक्यात बसून आमच्या घरी, चिचगडला आली. तबकडी १२ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड. खोका मात्र एखाद्या संस्थानिकाच्या पगडीसाठी केल्यासारखा. कडेनं जर, आत पांढरं साटण, मधोमध गोल खड्डा. झाकणावर नवरा-नवरी, आणि त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर! लग्नात वऱ्हाडी ओले दुपट्टे डोक्यावर घेऊन जेवत होते. स्टुडिओवाल्यानं उशिरा का होईना, गारवा धाडला. बाबांनी खोका उलटासुलटा करून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "एवढा मोठा कायले? पोरगी याच्यातच पाठवाची होती का?"

त्यांचंही खरं होतं. आमच्या मुलखात वस्तू आपापल्या अंगानिशी येतात. मोहफूल टोपलीत, तेंदूपान पुडक्यात, भजी पळसाच्या दोन्यात. आणि भजी संपली की दोना गाईच्या पोटात. करमणुकीलाही आवरण नसे. मंडईच्या जत्रेला रात्री झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत पाहावं आणि घरी न्यावी ती फक्त केसांतली धूळ आणि चार दिवस जिभेवर घोळणारं पद. पुढं देवरीहून भाड्यानं व्हिडिओ येऊ लागला, तेव्हा कॅसेट पावसात भिजू नये म्हणून तिला खताच्या पिशवीचा तुकडा गुंडाळलेला असे. तोच तिचा शालू. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर सिनेमा चण्या-फुटाण्यांच्या पंक्तीला येऊन बसला.

त्याच वर्षी तिकडं अमेरिकेत 'ब्लेड रनर' सिनेमाच्या पाच डीव्हीड्या चंदेरी ब्रीफकेसमधून निघाल्या. सोबत खेळण्यातली गाडी आणि एक चिमुकला एकशिंगी घोडा. त्याआधी 'प्लॅनेट ऑफ द एप्स'चे सगळे चित्रपट एका वानराच्या मुंडक्यात भरून विकले होते. घरात पाहुणे आले की ते मुंडकं कुठं ठेवत असतील, कोण जाणे. एवढं पुठ्ठा-प्लास्टिक कशासाठी, असं मी तावातावानं म्हणतो. पण कुणी ती ब्रीफकेस माझ्यापुढं ठेवली, तर सिनेमा राहील बाजूला, मी आधी तिच्या कड्या उघडझाप करून पाहीन. उघडण्याआधीच्या त्या क्षणाला कुठल्याही सिनेमाची सर नाही.

आमच्या तबकडीचं पुढं काय झालं? दोन पावसाळ्यांत तिच्यावर ओरखडे आले. ताईची पाठवणी सुरू झाली, बाबांनी दुपट्टा डोळ्यांना लावला, की चित्र तिथंच अडायचं. चौकोन-चौकोन होऊन बाबा थरथरत राहायचे. पुढं डीव्हीडी प्लेअरही गेला. आता ती तबकडी वाडीत वालाच्या मांडवावर सुतळीनं टांगलेली आहे. वारा आला की गरकन फिरते आणि पोपटांच्या डोळ्यांवर लग्नाचा लखलखाट फेकते. पोपट दोन दिवस भ्यायले; तिसऱ्या दिवसापासून ते वऱ्हाडी झाले.

खोका मात्र नव्यासारखाच. परवा आई रेशनकार्ड शोधत होती, म्हणून मी तो उघडला. त्या गोल खड्ड्यात बाबांचं घड्याळ होतं. पट्टा मावत नव्हता, म्हणून आईनं तो दुमडून खाली सारला होता, आणि वरून साटण नीट ओढून घेतलं होतं.