आमचं ठरलंय

अमेरिकेत आयोवाचे मतदार म्हणे ऐन थंडीत शाळेत जमून पक्षाचा उमेदवार ठरवायचे. कोल्हापुरात मतदाराला एवढा त्रास कोण देतंय! 2019 च्या लोकसभेला आघाडीचे उमेदवार राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक. काँग्रेसचा सतेज पाटील गट म्हणाला, 'आमचं ठरलंय', आणि दिल्लीला गेले शिवसेनेचे संजय मंडलिक. कुठल्या बैठकीत ठरलं, हे विचारायचं नसतं. फलकावर झळकलं की ठरलं. 2021 ला 'गोकुळ' दूध संघाच्या निवडणुकीत तर ज्याच्या खिशात दूध संस्थेचा ठराव, तोच मतदार. सतेज पाटलांबरोबर राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ, आणि समोर महाडिकांच्या जोडीला काँग्रेसचेच पी. एन. पाटील. पाहुण्यानं विचारलं, यात पक्ष कुठला? कट्ट्यावरून उत्तर आलं, "भावा, म्हशीला पक्ष असतोय व्हय?"