निवृत्तीची नक्षीदार करवत

स्क्रोल सॉ, म्हणजे सुमारे 5 इंच लांबीचे अरुंद पाते विजेच्या जोरावर वरखाली नाचवणारी नक्षीकामाची करवत, ही वयाच्या 58 व्या वर्षी महाराष्ट्र शासनाच्या सेवेतून मोकळ्या होणाऱ्या अधिकाऱ्याला चटकन आपलीशी वाटते, याचे कारण तिच्या रचनेतच आहे: पाते आपली जागा सोडत नाही, वळावे लागते ते लाकडाला, आणि हेच तत्त्व त्याने टेबलामागे बसून अर्जदारांवर तीस वर्षे राबवलेले असते. फरक एवढाच की येथे घाई केल्यास पाते तुटते. कार्यालयात अर्जदार तुटत असे. जाळीकामात, म्हणजे फळीच्या कडेला धक्का न लावता आतला भाग कापून काढण्याच्या प्रकारात, प्रथम भोक पाडून, पात्याचे एक टोक सोडवून ते त्यातून ओवावे लागते, आणि प्रत्येक नव्या खिडकीसाठी हा सोपस्कार पुन्हा करावा लागतो. खिडकी बदलली की कागदपत्रे नव्याने जोडायची, या शिस्तीत मुरलेल्या माणसाला त्याचा कंटाळा येत नाही. बारीक भुसा फुफ्फुसांना अपायकारक असल्याने मुखपट्टी आवश्यक ठरते, आणि तिच्यामुळे घरातील उपदेशांत होणारी घट कुटुंबीय विनातक्रार सोसतात. प्लायवूडमधून कोरलेली गणपतीच्या आकाराची किल्ल्यांची स्टँडे आप्तेष्टांच्या भिंतींवर लागतात. किल्ल्या मात्र फ्रिजवरच सापडतात.