कलरभाऊ

बुलढाणा जिल्ह्यातलं कुठलंही तालुक्याचं गाव घ्या. बसस्टँडजवळ झेरॉक्सवाल्याला खेटून एक दुकान असतंच. पाटीवर फ्लेक्स, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, वाढदिवसाचे बॅनर आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून, 'वेबसाइट'. आत बसलेले असतात ते कलरभाऊ. खरं नाव आधार कार्डावर असेल. गावाला त्याची गरज पडलेली नाही.

कलरभाऊ मूळचे कोरलड्रॉवाले. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस आणि एलिमेंटरकडे नंतर वळले. एलिमेंटरमध्ये रंगांना नावं देऊन ठेवायची सोय आहे. प्रायमरी, सेकंडरी, टेक्स्ट आणि अ‍ॅक्सेंट हे चार तयार मिळतात, पुढे आपले हवे तेवढे. एका जागी रंग बदलला की त्या नावाने जिथं जिथं लावलाय तिथं आपोआप बदलतो. सोय भाऊंना पसंत, नावं नापसंत. "गिऱ्हाईक कधी म्हणते का, भाऊ मले प्रायमरी पाह्यजे?"

म्हणून त्यांच्या यादीत 'शेगाव पताका', 'कचोरी', 'खामगाव चांदी' आणि 'सोंगणीचं सोयाबीन' असे रंग नांदतात. लोणार दोन आहेत. सरोवराचं नेहमीचं हिरवट पाणी म्हणजे 'लोणार जुना'. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं. खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो प्रताप, हे शास्त्रज्ञांनी शोधून काढेपर्यंत भाऊंनी 'लोणार नवा' एका ब्यूटी पार्लरच्या वेबसाइटला लावूनही टाकला होता. ब्राउझरवर मात्र त्यांचा कायमचा राग. त्याला मुळातून दीडशेच्या आसपास रंगनावं कळतात. त्यात 'इंडियनरेड' आहे, भगवा नाही!

गिऱ्हाइकांची तऱ्हा वेगळीच. कृषी केंद्रवाले म्हणतात, "हिरवा जरासाक अजून हिरवा करा." सराफाला पांढऱ्यावर पिवळी अक्षरं हवी असतात. अक्षर आणि पाठीमागचा रंग यांच्या उजेडाचं प्रमाण निदान साडेचारास एक असावं, असा जागतिक दंडक आहे. भाऊ तो आकडा स्क्रीनवर काढून दाखवतात. सराफ डोळे बारीक करून म्हणतो, "मले तर दिसून रायलं!" आणि त्याचं ते दिसणं प्रमाण मानून काम पुढं सरकतं.

या यादीचे पाय पहिल्यांदा घसरले ते एका कापड दुकानापायी. मालकाच्या सूनबाईंना जांभळा आवडला. भाऊंनी 'शेगाव पताका' उघडून त्यातच जांभळा भरला. वेबसाइट झटक्यात बदलली, नाव तेवढं राहिलं. पुढं हाताखालच्या पोऱ्यानं तीच यादी एका भजनी मंडळाच्या साइटला लावली आणि दिंडीत जांभळ्या पताका फडकल्या. त्या दिवसापासून भाऊंनी तत्त्व बदललं. "रंगाले रंगाचं नाव देऊ नये, कामाचं द्यावं," असं ते आता पोऱ्याला रोज ऐकवतात. त्यामुळे यादीत 'बटण', 'मथळा', 'भाव कमी झाला' अशी शहाणी नावं आली.

या तत्त्वाचं सोनं झालं ते एका नेत्याच्या वेबसाइटवर. नेत्याचा मुख्य रंग म्हणजे पक्षाचा रंग. तो कोणतं काम करतो, याचा विचार करून भाऊंनी त्याचं नाव ठेवलं 'निष्ठा'. मेन्यू, बटणं, मथळे, जनसंपर्क कार्यालयाच्या पत्त्याची पट्टी, सगळीकडे निष्ठा.

एका रात्री अकराला पीएंचा फोन आला. "भाऊ, उद्या सकाळी दहाले आपला प्रवेश हाय."

'कोणत्या पक्षात' एवढंच भाऊंनी विचारलं. कॉम्प्युटर उघडला, निष्ठेवर क्लिक केलं, सहा अक्षरी कोड खोडून दुसरा टाकला आणि सेव्ह केलं. वरच्या मेन्यूपासून तळाच्या पट्टीपर्यंत निष्ठा एका दमात पालटली.

अडलं ते फक्त फोटोपाशी. साहेबांच्या गळ्यातलं उपरणं जुन्याच रंगाचं.

"हे नाही का बदलत?" पीए.

"फोटोले नाव समजत नाही. ते हातानं रंगवा लागते. त्याचे पैसे अलग."

"लावा बिलात. अन् भाऊ, तो जुना कोड पुसू नका बरं."

भाऊंनी तो आधीच यादीत ठेवला होता. नाव, अर्थातच, कामाचं दिलं होतं: 'घरवापसी'.