जादा पैसे

"माझ्यावर कधी लिहिलंत तर नाव तेवढं घालू नका, गुरुजी. अर्ध्या पाटण तालुक्याचे सुट्टे पैसे अजून माझ्याकडे राहिलेत." आमच्या कंडक्टर मित्राची ही अट. तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून द्यायची आणि उतरताना माणूस विसरला तर पुढच्या खेपेला हाका मारून ती परत करायची, यात त्याचा जन्म गेला. पण अट ती अट. नाव घालत नाही. कराड-चिपळूण रस्त्यावर ज्यांनी त्याची बोलणी खाल्लीत त्यांना ते लागणारही नाही.

मला तो अहो-जाहो करायचा. त्याचं ते अहो-जाहो शिवीपेक्षा जास्त लागायचं.

त्याची दाखल्यावरची जन्मतारीख १ जून. त्या काळच्या शाळामास्तरांनी गावंच्या गावं १ जूनला जन्माला घातली. आता पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली तीही १ जूनलाच, १९४८ साली. त्यामुळे हा दरवर्षी त्या दिवशी डेपोत पेढे खायचा आणि मला ऐकवायचा, "तिचा वाढदिवस खरा आहे. माझा तुमच्या कुणा भाऊबंदानं पाडलेला."

मी पाटणला शाळेत, तो त्या रस्त्याच्या गाडीवर. काखेत चामड्याची बॅग, हातात तिकिटांच्या गड्ड्या लावलेला ट्रे, बोटांत चिमटा. उभ्या माणसांच्या गर्दीतून तो तिरका होऊन मागच्या बाकापर्यंत जायचा तेव्हा चिमट्याची टकटक आधी यायची आणि त्याचं बोलणं मागून. कुंभार्ली घाट जवळ आला की खिडकीसाठी मारामारी. हा विचारायचा, "खिडकी बघायला हवी का ओकायला? बघायला हवी असेल तर उठा." कोयनानगरला एक बाई मिसरूड फुटलेल्या मुलाचं अर्धं तिकीट मागत होत्या. बारा पुरी नाहीत म्हणे. हा वाकून पोराला म्हणाला, "तुझं काढू का मिशीचं?" बाई पदरात तोंड लपवून हसल्या आणि पूर्ण पैसे दिले. भांडण न होता पूर्ण तिकीट काढून घेणं ही एसटीतली सगळ्यात अवघड विद्या आहे, घाटात गाडी चालवण्यापेक्षाही.

माझ्या बायकोला कराडच्या दवाखान्यात दाखल केलं तेव्हा भर पावसाळा होता. डिपॉझिट भरायचं होतं, पगाराला अवकाश होता. स्टँडवर तो भेटला. मी काही बोललो नव्हतो. तोंडावर दिसत असावं. त्यानं मला कँटीनच्या मागं ओढलं आणि आतल्या खिशातून नोटांची घडी काढून माझ्या हातात कोंबली. "धरा लवकर. पुढं चेकर उभा आहे. वेबिलापेक्षा कॅश कमी भरली तरी मरण, जास्त भरली तरी मरण. ही जादा निघाली. माझी नोकरी वाचवा." कंडक्टरकडं जादा पैसे सापडले तर खरोखरच चौकशी लागते, त्यामुळे मला ते पटलं. शिवाय उपकार माझ्यावर नसून त्याच्यावर होतोय, अशा थाटात मी ते घेतले.

रात्री ड्युटी संपली की तो दवाखान्यातल्या बाकड्यावर येऊन आडवा व्हायचा. घरी जा म्हटलं तर म्हणायचा, "मुक्कामी गाडीला भत्ता असतो. वहिनी बऱ्या झाल्या की बिल लावतो." ते बिल त्यानं पुढं पुरणपोळीत वसूल केलं आणि प्रत्येक वेळी कमी पडलं म्हणून तक्रार केली.

निवृत्तीनंतरची त्याची पेन्शन म्हणजे चहाचा खर्च. तीही हयातीचा दाखला दिल्याशिवाय नाही. एका साली मशिनवर ठसाच उमटेना. जन्मभर तिकिटं सरकवून अंगठा गुळगुळीत झालेला. समोरची मुलगी म्हणाली, "आजोबा, जुळत नाहीये." हा म्हणाला, "अंगठा वारला माझा. बाकीचा आहे तेवढ्याची पेन्शन द्या."

मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. हा आपल्या बायकोला म्हणाला, "सरकारनं तुझी किंमत निम्म्यावर आणली." पंचाहत्तरी उलटलेल्यांना आदल्या ऑगस्टपासूनच फुकट होतं. वहिनी म्हणाल्या, "माझी निम्मी तरी उरली. तुमची शून्य धरलीय." त्याला गप्प बसलेला मी पाहिला तो तेव्हाच.

गेला तो झोपेतच. घाट लागला नाही, मळमळ नाही.

तेराव्याला जेवणं झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी सहज त्या जादा कॅशची गोष्ट सांगायला घेतली, तर त्याच्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर सरसावून बसला. "ही तुमची? गुरुजी, ही तर माझी गोष्ट. पोरीच्या लग्नात! मला म्हणाला, चेकर आहे पुढं." पाटणचा सायकल दुकानदार म्हणाला, त्यालाही तेच सांगितलं होतं, दुकान पाण्यात गेलं त्या साली. मग आमची जुंपलीच. पहिली जादा कॅश कुणाला, मोठी कुणाला, चेकर कुणाच्या वेळी खरोखर होता. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की ते पैसे पतपेढीतून उचललेले असायचे, फॉर्मवर जामीन म्हणून त्याचीच सही आहे.

वहिनी उंबऱ्यात सुपारीचं तबक घेऊन उभ्या होत्या. केव्हापासून, कुणाला ठाऊक.

"असं होय!" त्या म्हणाल्या. "आणि मला दर महिन्याला सांगायचे, कॅश कमी भरली म्हणून पगारातून कापली."