विकासाची खिडकी पोलीस ठाण्यात

गडचिरोलीच्या आतल्या भागात जातीचा दाखला काढायचा असेल, तर माणूस पोलीस मदत केंद्र गाठतो. बाहेर काटेरी तारा, वाळूच्या पोत्यांचा मोर्चा, बंदूकधारी पहारा; आणि आत ‘पोलीस दादालोरा खिडकी’. दाखले, शेतीच्या योजना, नोकरीचे अर्ज, सगळे तिथेच. तलाठी जिथे फिरकत नाही तिथे पोलीस शिपाई बसून अर्ज भरून देतो. त्याच्या या कामाचे मोल मी कमी करणार नाही. पण याच मुलखात पोलिसांकडे गेला एवढ्या संशयावरून नक्षलवाद्यांनी कितीतरी आदिवासींना ‘खबऱ्या’ ठरवून मारले. तरी सरकारने गरिबाचा कागद ठाण्यातच नेऊन ठेवला. मंत्रालयात हे कोणालाच खटकले नाही?

पैशाचा कारभारही असाच चालला. नियोजन आयोगाच्या तज्ज्ञगटाने २००८ मध्येच सांगितले होते की, असंतोषाचे मूळ जमीन, जंगल आणि हिरावलेल्या हक्कांत आहे. आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा मनापासून राबवा, असेही सुचवले होते. दोन वर्षांनी नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी एकात्मिक कृती आराखडा आला. पहिल्या वर्षी जिल्ह्याला २५ कोटी, पुढच्या वर्षी ३० कोटी. हा पैसा कुठे घालायचा हे ठरवायला समितीत कोण? जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वनाधिकारी. ज्यांच्या नावाने पैसा आला, त्यांची ग्रामसभा त्या समितीत नव्हती. पुढे २०१६ पासून या भागासाठी रस्त्यांची खास केंद्रीय योजना सुरू झाली, तेव्हाही कोणता रस्ता आधी करायचा यात सुरक्षायंत्रणेचा शब्द मोठा राहिला.

रस्ता नको असे तिथे कोणी म्हणत नाही. पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून नाले ओलांडणाऱ्यांना रस्त्याची किंमत शहरातल्यांनी शिकवू नये. एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्ट्याला मार्च २०२३ पासून कितीतरी गावांचे लोक महिनोन्‌महिने ठिय्या देऊन बसले होते. शाळा द्या, दवाखाना द्या, पण खाण नको आणि खाणीच्या ट्रकांसाठी रस्ता रुंद करू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबरात जवळच्या वांगेतुरीला एका दिवसात पोलीस ठाणे उभे राहिले आणि तोडगट्ट्याचे आंदोलन उठवले गेले. एका दिवसात ठाणे उभारता येते, तर दवाखान्याला इतकी वर्षे का लागतात?

याच तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीचे उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायचे होते, तेव्हाची जनसुनावणी आठवा. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. ज्यांच्या डोंगराचा प्रश्न, ते लोक तिथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. काही महिन्यांत मंजुरी मिळाली. सुरक्षेची भीती खोटी नव्हती: डिसेंबर २०१६ मध्ये याच खाणीची डझनांनी वाहने नक्षलवाद्यांनी जाळली होती; १ मे २०१९ ला जांभुळखेड्यात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक नक्षलवाद्यांच्या स्फोटात गेले. त्यांतले बरेच जण याच मातीतल्या घरांचे मुलगे होते. त्यांच्या मरणाची आठवण ठेवणाऱ्याने गावाचे तोंड बंद ठेवायला सुरक्षेची ढाल पुढे करू नये.

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही आपलाच बांबू विकायला वनखाते वाहतूक पास देईना. गाव हटले नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. बांबूचा पैसा थेट ग्रामसभेकडे आला. मजुरी किती आणि तोड कुठे, हे गाव ठरवू लागले. यात पोलिसांचा एक रुपया खर्च झाला नाही. शांततेची ही रीत सरकारला ठाऊक नव्हती असे कोणी म्हणू शकत नाही. दोन मंत्री स्वतः जाऊन पाहून आले होते.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवून शरण आला. माझ्या लेखी ही फार मोठी आणि चांगली घटना आहे. मात्र ‘आधी सुरक्षा, मग बाकीचे’ ही सबब आता उरलेली नाही. दादालोरा खिडकीचे टेबल उचलून ग्रामपंचायतीत न्या आणि तलाठ्याला तिथे बसवा. विकासनिधीचा आराखडा ग्रामसभेत मंजूर करा. पुढच्या खाणीची सुनावणी त्याच गावात, लोकांच्या माडिया भाषेत घ्या, आणि ठराव विरोधात गेला तर इतिवृत्तात तसाच लिहा.