टॅगकाका

सिडकोने नवी मुंबईतला सानपाडा आखला तो नोड, सेक्टर, प्लॉट, इमारत अशा उतरत्या शिस्तीने. तिथे राहणाऱ्या टॅगकाकांना ही रचना इतकी मानवली की बँकेतून निवृत्त होताच त्यांनी घरातल्या कपाटभर सीडी लॅपटॉपवर उतरवून त्यांचं सिडकोकरण हाती घेतलं. गायक, अल्बम, डिस्क, गाणं. नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा नसतो, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. काकूंच्या भाषेत, ‘सवत आणली’.

संगणकात सीडी घातली की गाण्यांची नावं दिसतात, ती सीडीवरच लिहिलेली असतात असा आपला समज. पण साध्या सीडीवर बहुधा नुसतं संगीत असतं. कोणतं गाणं कुठे सुरू होतं याची मापं घेऊन संगणक इंटरनेटवरच्या यादीत चौकशी करतो आणि ती यादी जगभरच्या अशाच काकांनी भरलेली असते. मापं जुळली की नाव चिकटलं. एकदा नाट्यपदांच्या सीडीवर कुठल्याशा जर्मन बँडचं नाव चढलं, तेव्हा काका संध्याकाळचं फिरणंसुद्धा विसरले.

त्यांच्याकडे गाणं मागणं हा अनुभव आहे.

“काका, जरा ‘इंद्रायणी काठी’ लावा ना.”

“कोणाचं?”

“भीमसेनजींचं.”

इथे आपण फसलेलो असतो. “भीमसेनजींचं कसं? गायलंय त्यांनी. शब्द गदिमांचे, चाल पुलंची, सिनेमा ‘गुळाचा गणपती’, साल १९५३. हे जॉइंट अकाउंट आहे! आणि हा प्रोग्रॅम ‘आर्टिस्ट’ म्हणून एकच नाव मागतो!”

आवाज चढला तरी मुद्दा त्यांचाच खरा, असं माझं मत आहे. हे रकाने आखले ते जिथे लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा बऱ्याचदा एकच असतो, तिथल्या सोयीने. एमपीथ्रीचे १९९६ सालचे मूळ टॅग, म्हणजे गाण्याच्या फाइलला चिकटवायच्या माहितीच्या चिठ्ठ्या, पाहा. गाण्याचं नाव ३० अक्षरांत बसवायचं आणि प्रकार ठरलेल्या ८० मधून निवडायचा. त्यात पोल्का आहे, डेथ मेटल आहे. अभंग नाही, नाट्यगीत नाही, लावणी नाही. ‘साल’ हा रकाना तर काकांचा रक्तदाब वाढवतो. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं १९५५-५६ मध्ये, सीडी निघाली कित्येक वर्षांनी. लिहायचं काय?

आडनावांनुसार क्रम लावताना यंत्राने बालगंधर्व, सवाई गंधर्व आणि कुमार गंधर्व यांचं एकत्र कुटुंब करून टाकलं. काकांनी ताबडतोब वाटण्या केल्या: राजहंस, कुंदगोळकर, कोमकली. आता बालगंधर्व हवे असतील तर ‘र’मध्ये जायचं, हे फक्त काकांना ठाऊक. उलट ‘साधी माणसं’च्या संगीतापुढे मात्र ‘आनंदघन’च. ते म्हणजे खुद्द लताबाई, हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे.

“त्यांनी नाव झाकलं, मी कोण उघडं करणारा?” काका.

“मग बालगंधर्वांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?” काकू आतून.

काकूंचा राग वेगळाच आहे. “जगातल्या तबलजींची नावं पाठ आहेत यांना. आमच्या लग्नाच्या अल्बममधली माझी सख्खी आत्या अजून ‘अननोन आर्टिस्ट’!”

गेल्या गणपतीत सोसायटीच्या मंडळाला काकांनी आरत्यांचा पेनड्राइव्ह दिला. गीत, संगीत, स्वर, सगळं शुद्ध देवनागरीत. मंडळाच्या स्पीकरला देवनागरी येत नव्हती. पडद्यावर समर्थ रामदासांच्या जागी ओळीने चौकोन उमटले आणि पोरांनी अंदाजाने बटण दाबलं. गणपती मखरात बसायच्या आधीच मंत्रपुष्पांजली सुरू झाली.

काकांनी आता अख्खा संग्रह रोमन लिपीत पुन्हा भरायला घेतलाय. ‘फडके’ला ‘पीएच’ लावायचं की ‘एफ’, यावर सध्या काम अडलेलं आहे.