नावं ठेवा, पण नावही ठेवा

संपादकांच्या लेखी पाचशे शब्दांचा विनोद म्हणजे जाहिरात न आल्यामुळे उरलेली जागा. वाचकांच्या लेखी तो चहाबरोबरचा टाइमपास. आणि समीक्षकांच्या लेखी? समीक्षकांनी तो अजून वाचलेला नाही. मराठीला आजवर चार ज्ञानपीठ पुरस्कार मिळाले. १९७४चा खांडेकरांना, १९८७चा कुसुमाग्रजांना, २००३चा विंदांना, २०१४चा नेमाड्यांना. विनोदी लेखक म्हणून एकही नाही. हसवणाऱ्याला आपण टाळी देतो. शाल रडवणाऱ्यासाठी राखून ठेवतो.

छोटा विनोद कोणालाही जमतो, असा एक समज आहे. तपासून पाहू.

‘पालकमंत्र्यांनी पूरग्रस्त भागाची हवाई पाहणी केली. हवा उत्तम.’

एकूण आठ शब्द. पहिले सहा दर पावसाळ्यात छापून येणाऱ्या बातमीतले, जसेच्या तसे. लेखकाचे फक्त दोन, आणि त्यातलाही एक मंत्र्यांच्या दौऱ्यातूनच उचललेला. शेवटचं ‘आहे’ मुद्दाम गाळलंय. मराठी वाक्य क्रियापदावर टेकतं आणि ‘आहे’वर आजवर कोणी हसलेलं नाही.

आता हाच विनोद बिघडवू. ‘लोक बिचारे गळ्यापर्यंत पाण्यात आणि मंत्रिमहोदय मात्र आरामात हेलिकॉप्टरमध्ये बसून पाहणी करतायत, वा रे वा, धन्य ती लोकशाही!!’ शब्द वाढले, उद्गारचिन्हं जोडीने आली, कळवळा ओसंडला आणि हसू पळालं. पहिल्या आवृत्तीत पुरातली माणसं कुठेच नाहीत. ती वाचकाला स्वतःहून आठवतात, म्हणून बोचतात. दुसरीत लेखकाने सगळंच करून ठेवलंय. वाचकाला कामच उरलं नाही. तेव्हा पहिली अट ही, की छोट्या विनोदाचा अर्धा भाग वाचक लिहितो. त्याचा वाटा हिसकावून घेणाऱ्याने खुशाल अग्रलेख लिहावेत.

दुसरी अट, तोंड सरळ ठेवायचं. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसतो. रजेचा अर्ज लिहावा तितक्या गांभीर्याने तो स्वतःची फजिती सांगतो. आजचा विनोदवीर वाक्य संपायच्या आत स्वतःच हसतो. टीव्हीवर असेल तर मागे हसण्याचा आवाज लावून घेतो, मोबाईलवर असेल तर डोळ्यांत पाणी आलेले चार पिवळे चेहरे चिकटवतो. एवढं झाल्यावर आपण हसायचं कशाला? आपल्या वतीने हसून झालेलं असतं.

तिसरी अट लेखकाच्या हातात नाही. ‘झेंडूची फुले’ १९२५ साली आली. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी रविकिरण मंडळाच्या कवितेची वळणं अशी उचलली की कवींना ती परत वापरायची चोरी झाली. पण हे जमलं, कारण वाचकांना मूळ कविता ठाऊक होत्या. आज अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असलेला मजकूर कोणता? फोन लागण्याआधी कानावर पडणारी सूचना. विडंबनाला तेवढंच शिल्लक आहे.

चौथी अट, मार ओळखीच्यांत बसला पाहिजे. ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ नावाचा इसम लेखक-प्रकाशकांच्या टाळक्यात हातोडा घालायचा. तो हातोडा वसंत सरवट्यांनी चितारला होता आणि तो चालवणारे जयवंत दळवी स्वतः लेखकांच्याच पंगतीतले. मारणारा घरचा, मार खाणारे घरचे, आणि अंक विकत घेऊन वाचणारेही बव्हंशी तेच. आता घरच्याला चिमटा काढायचा म्हटलं तरी आधी त्याच्या भावना कुठे कुठे आहेत ते विचारावं लागतं. म्हणून विनोदवाले बायको, सासू आणि जाड माणूस यांच्यावर भागवतात. त्यांच्या भावना दुखावल्या तरी मोर्चा निघत नाही.

या सगळ्यांतून एखादं वाक्य तरतंच. वाचक खूश होतो आणि लगेच ते पुढे ढकलतो. ढकलताना पहिलं काय कापतो, तर लिहिणाऱ्याचं नाव. फारच आवडलं असेल तर खाली ‘– पु. ल.’ असं जोडतो. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले. व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली सुरू झालं. तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या भांडणांबद्दलची ‘पु.लं.ची’ मार्मिक टिप्पणी आपल्याला सकाळी सहा वाजता मिळते, तीही तीन ग्रुपांतून.

तेव्हा मंडळी, विनोद आवडला नाही तर लेखकाला नावं ठेवा, तो तुमचा हक्क आहे. आवडला तर त्याचं नाव जागेवर राहू द्या. मानधनाचं स्वरूप पाहता बहुधा त्याची तेवढीच कमाई असते. आणि नाव ठाऊकच नसेल, तर निनावी पाठवा. पु.लं.ना आता त्रास देऊ नका.